चार मिनिटं चाळीस सेकंद

१

घड्याळ बारा वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं. फौजदारबाईंनी ते कागदी पाकिटातून काढून ताईच्या टेबलावर ठेवलं.

"तुमच्या भावाचं आहे, म्हणून खरं तर दुसऱ्या कुणाला दाखवणार होते," त्या म्हणाल्या. "पण असलं जुनं घड्याळ उघडणारं गावात दुसरं आहे कोण?"

"कुणी नाही," ताई म्हणाली.

धाकट्याला जाऊन पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोकांना वाटत होतं बाई धीराची आहे. तिला स्वतःला एवढंच कळत होतं, की अंगावर कुणीतरी जाड घोंगडी टाकलीय आणि माणसांचे आवाज त्या घोंगडीपलीकडून येताहेत. सकाळी चहाचं पातेलं तिनं चिमट्याशिवाय उचललं होतं. बोटावर फोड आलेला दिसला तेव्हा कळलं, की भाजलंय.

धाकटा भंगाराच्या आवारात सुपरवायझर होता. तिथल्या क्रेनला आकडा नव्हता, जेवणाच्या टेबलाएवढी चुंबकाची तबकडी होती. वीज सोडली की टनभर लोखंड तिला जाऊन चिकटायचं, तोडली की धडाधड खाली पडायचं. सोमवारी दुपारच्या सुट्टीत तो टनभर माल धाकट्याच्या अंगावर पडला होता.

"क्रेन ऑपरेटर कोठडीत आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "तो म्हणतो, आधी वीज गेली. माल राखीव बॅटरीवर टांगलेला राहिला आणि थोड्या वेळानं आपोआप पडला. आवाराचे मॅनेजर म्हणतात, बाराचा भोंगा झाल्या झाल्या माल पडला, तेव्हा ऑफिसातला पंखा चालू होता, वीज त्यानंतर गेली. म्हणजे ऑपरेटरनंच बटण दाबलं. बाकी सगळे फाटकाबाहेर जेवत बसलेले. कुणाला वेळ धड सांगता येत नाही. वीज किती वाजता गेली ते वीज कार्यालयाकडून मला पक्कं कळलंय, पण तुम्हाला मुद्दाम सांगत नाही. तुम्ही फक्त घड्याळाचं सांगा. ते बरोबर चालत होतं का?"

"मॅनेजर काय म्हणतात?"

फौजदारबाई जरा अवघडल्या. आवाराचे मॅनेजर म्हणजे ताईचे यजमान.

"ते म्हणतात, चुंबकापाशी राहून घड्याळ बिघडलं होतं. दहा-पंधरा मिनिटं पुढे असायचं. त्यांनीच सुचवलं, माझ्या बायकोलाच विचारा, ती खोटं बोलायची नाही."

२

घड्याळ मुळात वडिलांचं. वडील गेल्यावर दुकान ताईकडे आलं आणि घड्याळ धाकट्याकडे. वाटणीवरून एकदाही तू-तू मैं-मैं झाली नाही, कारण धाकट्याला दुकानात पाच मिनिटं बसवायचं नाही आणि ताईला मनगटावर घड्याळ सोसायचं नाही. क्रोनोग्राफ होता तो. नेहमीचे काटे वेळ दाखवायचे, आणि बाजूचं बटण दाबलं की आणखी एक लांब काटा सेकंद मोजायला धावायचा, एका छोट्या डायलवर मिनिटं जमा व्हायची. भंगारात मनगट कापतं म्हणून धाकटा घड्याळ पट्ट्यासकट कमरेला अडकवायचा.

ताईनं डोळ्याला भिंग लावलं. काच फुटलेली. मागच्या झाकणाला वाटाण्याएवढा पोचा, बोल्टच्या टोकावर आपटल्यासारखा. नेहमीचे काटे बारा-दहावर. क्रोनोग्राफही चालू असतानाच थांबलेला, चार मिनिटं चाळीस सेकंदांवर.

तिनं खणातून किल्ली काढली. ह्या झाकणाच्या खाचा इतक्या उथळ आणि आडनिड्या, की बाजारातली कुठलीच किल्ली त्यांना बसायची नाही. वडिलांनी कानस घेऊन एक मुद्दाम घडवली होती. पक्कड लावली तर झाकण ओरबाडून निघायचं. ह्या झाकणावर ओरखडा नव्हता.

झाकण फिरलं आणि उघडलं.

आत तिला दिसायला हवी होती एक टोपी. मऊ लोखंडाची, करड्या रंगाची, साधी, पेढीवरच्या मुनिमासारखी निमूट. डायलखाली एक लोखंडी चकती आणि पाठीवर ही टोपी, दोन्ही मिळून यंत्राभोवती डबी व्हायची. बाहेरून चुंबकाचा कितीही जोर आला तरी तो त्या लोखंडातूनच वळसा घालून निघून जायचा, आतल्या, घड्याळाची चाल सांभाळणाऱ्या केसाएवढ्या हेअरस्प्रिंगपर्यंत पोचायचा नाही. वडील म्हणायचे, "पाव्हण्याला ओसरीवरनंच वाटेला लावायचं, माजघरात येऊ द्यायचं नाही." ती हेअरस्प्रिंग साध्या निळ्या पोलादाची. सगळी भिस्त टोपीवर.

झाकणाखाली थेट यंत्र होतं. टोपी नव्हतीच.

तिनं छोटं होकायंत्र जवळ नेलं. सुई थरथरली आणि गर्रकन वळली. भिंगातून पाहिलं तर हेअरस्प्रिंगच्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. कडकडीत चुंबक लागलं होतं. असं घड्याळ पुढेच पळतं. यजमानांचं म्हणणं खरं होतं.

आणि घड्याळ शेवटचं उघडलं होतं तिनं स्वतः, दोन महिन्यांपूर्वी, सफाईला.

३

"तुझ्याकडून राहिली असेल," यजमान म्हणाले. ते घरी शर्टाच्या घड्या घालत होते. धाकट्याचं झाल्यापासून घरातलं बरंच काम ते न सांगता करायचे. "होतं माणसाकडून. मनाला लावून घेऊ नकोस."

"मी टोपी विसरेन?"

"त्या महिन्यात तुझा ताप अंगातच होता. तरी दुकान उघडायचीस." त्यांनी शर्टाची कॉलर बोटांनी सरळ केली. "तू काही मुद्दाम केलं नाहीस. ह्यानं काही बदलतही नाही. फक्त घड्याळ पुढे होतं एवढं लिहून दे, म्हणजे सुटलो."

ताप होता हे खरं. ताईनं दोन महिन्यांपूर्वीची ती सकाळ आठवून पाहिली. स्क्रू घट्ट केले ते आठवत होतं. टोपी बसवली ते आठवत नव्हतं. पण श्वास घेतला तेही कुठं आठवतं?

दुसऱ्या दिवशी ती आवारात गेली. फाटकातून आत शिरताना आपल्याला काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. काहीच झालं नाही. ती जागा धुऊन काढलेली होती आणि बाजूला गुंडाळलेला लाल दोर पडला होता.

वायरमन बॅटऱ्यांच्या खोलीपाशी भेटला. पन्नाशीचा, बोलघेवडा म्हणून प्रसिद्ध. आज तो मोजूनमापून बोलत होता.

"वीज गेली तर बॅटरीवर माल किती वेळ टिकतो?" ताईनं विचारलं.

"पंधरा मिनिटं, ताई. तसा नियमच आहे."

"बॅटऱ्या जुन्या होत्या ना? धाकटा घरी आला की तेच गाणं गायचा. पाच मिनिटंसुद्धा दम धरत नाहीत म्हणायचा."

"जुन्या होत्या. अपघाताआधीच्या शनिवारी नव्या बसवल्या. रजिस्टरला माझी सही आहे." हे सगळं तो तिच्या चपलांकडे बघत बोलला.

"घड्याळ तुम्हालाच सापडलं?"

"हो. संध्याकाळी, भंगारात. लगेच साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांकडे जमा केलं."

"झाकण सैल होतं?"

"नाही हो. घट्ट होतं. मी आपलं दोन्ही अंगठ्यांनी फिरवून बघितलं, म्हटलं आत काही खुळखुळतंय का."

"खुळखुळत होतं?"

"नाही."

ती निघाली. चार पावलं गेली असेल तोच मागून वायरमन म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ त्या शनिवारी रजेवर होता."

ती वळली. पण तो खोलीत शिरून दार लावून घेत होता.

४

त्या दुपारी ताईनं दुकानाचं दार आतून लावलं आणि घड्याळ पुन्हा पुढ्यात घेतलं. दोनच शक्यता होत्या. टोपी तिच्या हातून राहिली असेल, तर घड्याळ दोन महिने उघड्यावर होतं, त्याची वेळ खोटी होती, ऑपरेटर दोषी होता आणि त्यात तिचाही वाटा होता. किंवा टोपी होती आणि कुणीतरी काढली.

पहिलंच तिला खरं वाटत होतं. बधिर माणसाला स्वतःवरचा आरोप लवकर पटतो.

तिनं झाकण उपडं केलं. बाहेरून पोचा होता, म्हणजे आतून फुगवटा. ती त्या फुगवट्याकडे बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं मेणबत्ती पेटवली, फुगवट्यावर काजळी धरली, झाकण तसंच टोपीशिवाय यंत्रावर बसवून घट्ट फिरवलं आणि पुन्हा उघडलं. बॅलन्सच्या झुलत्या चाकाला धरून ठेवणाऱ्या पितळी पट्टीवर काळा ठिपका उमटला होता. मधे काही नसेल तर फुगवटा यंत्राला टेकत होता.

तिनं ठिपका पुसला आणि भिंग जवळ नेलं. त्या पट्टीवर सोन्याचा मुलामा होता, नखानंही ओरखडेल इतका नाजूक. ज्या घावानं पोलादी झाकण वाकलं, त्यानं ही पट्टी चेचली जायला हवी होती. पट्टी वडिलांनी आदल्या दिवशी पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ होती. बॅलन्सचा बारीक आस नुसत्या हादऱ्यानं मोडला होता, तेवढंच.

म्हणजे घाव बसला तेव्हा झाकण आणि यंत्र यांच्यामधे काहीतरी होतं. तो घाव टोपीनं अंगावर घेतला होता.

तिनं टोपी बसवली होती. धाकटा मेला तेव्हा ती जागेवर होती. त्यानंतर कुणीतरी झाकण उघडलं, टोपी काढली आणि मेलेल्या घड्याळाला चुंबक लावलं. एकही ओरखडा न पाडता.

किल्ली जगात एकच होती. ती ह्याच खणात होती. सोमवारी संध्याकाळपासून चार दिवस ताई धाकट्याच्या घरी होती. दुकानाची चावी तिच्या स्वतःच्या घरी, दाराजवळच्या खिळ्याला होती.

तिनं मान वळवून कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. घड्याळांचं चुंबक उतरवायचं यंत्र. घड्याळ आत धरायचं, बटण चालू ठेवून हळूहळू लांब न्यायचं, मगच बंद करायचं. घड्याळ आत असतानाच बटण बंद केलं तर उतरवायचं राहिलं बाजूला, उलट चुंबक चढून बसतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा तिची ती चूक झाली होती. शेजारी बसून हसणारं माणूस एकच होतं.

५

यजमान घरी होते. ताई त्यांच्यासमोर बसली.

"टोपी द्या," ती म्हणाली.

"कसली टोपी?"

"अहो, मला बोलायचा कंटाळा आलाय. द्या."

त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "घड्याळ पुढे होतं. तू स्वतः बघितलंस."

"पुढे नव्हतं. त्यात दोन वेळा आहेत. काटे म्हणतात बारा-दहा. क्रोनोग्राफ म्हणतो, चार मिनिटं चाळीस सेकंदांपूर्वी मला सुरू केलं. वजाबाकी करा. धाकट्यानं बटण दाबलं ते बारा-पाचच्या सुमाराला. वीज किती वाजता गेली मला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

त्यांच्या चेहऱ्यावरून जे कळायचं ते कळलं.

"बारा वाजून पाच," ताईच म्हणाली. "वीज गेली आणि त्यानं मोजायला सुरुवात केली. बॅटऱ्या नव्या आल्यात असं त्याला कागदावर दाखवलं होतं, म्हणून तो बघत होता किती टिकतात. पाच मिनिटंसुद्धा टिकल्या नाहीत. कारण त्या जुन्याच होत्या. तो रजेवर असताना तुम्ही वायरमनची सही घेतलीत."

यजमान उठले. आतून दाढीचा डबा घेऊन आले. त्यात ब्लेडच्या कागदाखाली टोपी होती, मधोमध खोलगट चेपलेली.

"नव्या बॅटऱ्या वाटेत अडकल्या होत्या," ते म्हणाले. "आठ दिवसांचा प्रश्न होता. नोंद नसती तर तपासणीवाले क्रेन बंद करून गेले असते. मंगळवारी पहाटे बसवल्याच मी. एक दिवस, फक्त एक दिवस उशीर झाला. सोमवारी सकाळी त्याला सांगणारच होतो. ट्रक आले आणि राहून गेलं."

"राहून गेलं," ताई म्हणाली.

"मी त्याला मारलं नाही गं."

"नाही. पण आज कोठडीत कोण आहे?"

"ऑपरेटरला हयगयीचं कलम लागेल. वर्षभरात सुटेल. त्याच्यामागे कोण आहे? आपलं घर आहे, तुझी वहिनी आहे, तिचं मूल आहे. त्यांच्याकडे कोण बघणार?"

"म्हणून चूक माझ्या गळ्यात घातलीत."

"तू मनाला लावून घेणार नाहीस असं वाटलं," ते म्हणाले.

ताई आत राग शोधत होती. वीस वर्षांचा संसार होता, इतक्या मोठ्या घरात कुठंतरी राग सापडायला हवा होता. तिला फक्त टोपीवरचा पोचा दिसत होता. खिशातून तिनं घड्याळाचं झाकण काढलं आणि टोपीवर ठेवलं. फुगवटा खळग्यात बसला, डोळा पापणीत बसावा तसा.

"तुम्ही येता, की मी एकटी जाऊ?" तिनं विचारलं.

त्यांनी चपला घातल्या. दोघं रस्त्यानं शेजारी शेजारी चालत गेली. भाजीच्या दुकानातल्या बाईनं हात केला, यजमानांनीही सवयीनं केला. चौकात गाडी आडवी आली तेव्हा त्यांनी ताईचा दंड धरून तिला मागं ओढलं. मग हात सोडला.

६

फौजदारबाईंनी ताईचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं. काजळीचा प्रयोग त्यांनी तिला पुन्हा करायला लावला, स्वतः भिंगातून पाहिला आणि मगच वीज कार्यालयाचा कागद तिच्यापुढे सरकवला. बारा वाजून पाच मिनिटं. वायरमनला बोलावणं गेलं. तो दारातूनच म्हणाला, "सांगतो मॅडम, सगळं सांगतो," आणि खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागला. ताईला त्याचा हेवा वाटला.

वहिनीला तिनंच जाऊन सांगितलं. वहिनी मुलाचा शर्ट शिवत होती. तिनं दोरा तोडला आणि एवढंच विचारलं, "भाऊजींनी?" ताईनं मान हलवली. वहिनीनं सुई पुन्हा ओवायला घेतली. ती काही ओवली जाईना. ताईनं ओवून दिली. नंतर दोघी बराच वेळ एकाच पलंगावर बसून राहिल्या. उठून जा असं वहिनी म्हणाली नाही, तेवढं ताईला पुरलं.

ऑपरेटर सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आला. साठीच्या पुढचा, खांद्यात वाकलेला, सगळे ज्याला काका म्हणायचे असा माणूस. तो आत येईना. ताईनं स्टूल पुढे केलं तेव्हा कडेला टेकला.

"ताई, तुमचे उपकार..."

"काका, नको."

"बरं." त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. "एक गोष्ट मी पोलिसांना सांगितली नव्हती. सांगितली असती तर म्हणाले असते, पोराला फाजील विश्वास नडला, स्वतःच खाली गेला. मेलेल्या माणसाच्या माथी कशाला मारायचं? म्हणून गिळून बसलो. पण तुम्हाला कळायला हवी."

"सांगा."

"वीज गेली तसा मी वरून ओरडलो. माल अधांतरी, खाली-वर काही करता येईना. तो खोलीतून धावत आला, कमरेच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि लाल दोर घेतला. म्हणाला, माणसं जेवून आली की ह्याच वाटेनं घुसतील, आधी दोर बांधतो. तीन बाजू बांधून झाल्या. चौथा खुंटा मालाच्या खालून जवळ पडत होता. मी म्हटलं, वळसा घालून जा रे बाबा. तर वर माझ्याकडे बघून हसला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'निवांत बसा काका, भाऊजींनी नव्या बॅटऱ्या टाकल्यात. अजून दहा मिनिटं आहेत आपल्याकडं.'"

दुकानात चार-पाच घड्याळं आपापल्या चालीनं टिकटिकत होती. ताईनं टेबलाची कड धरली होती. बोटावरचा भाजल्याचा फोड लाकडाला घासला आणि आठवड्यात पहिल्यांदा तो तिला दुखला. मग तो दुखतच राहिला, आणि बोटावरून हातात, हातावरून छातीत चढत गेला. ती टेबलावर वाकली. काका घाबरून उठायला लागला, तसं तिनं हातानंच त्याला खाली बसवलं.

"तो हसला होता?" तिनं विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"हसला होता, ताई."

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी टेबलावरच्या हिरव्या कापडावर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "तो म्हणाला तसंच, त्याच्यासारखं म्हणून दाखवा."

काकानं घसा खाकरला, मान वर केली आणि एका तरण्याताठ्या पोराच्या बेफिकीर आवाजात बोलायचा त्याला जमेल तसा प्रयत्न केला.